पाण्यात पाय सोडून बसलेलं विंचेस्टर

विंचेस्टर कॅथेड्रलचं तळघर पाहायचं असेल तर आधी एक चौकशी करावी लागते: आज खाली पाणी किती? हिवाळा सरता सरता ते गुडघाभर असू शकतं. त्या संथ, काळसर पाण्यात नॉर्मन कमानींखाली एक माणूस उभा असतो. मान खाली, दोन्ही हातांची ओंजळ छातीशी. अँटनी गॉर्मली या शिल्पकारानं 1986 मध्ये स्वतःच्या शरीराचा साचा घेऊन केलेली ही शिशाची मूर्ती आहे. पाणी चढलं की तिचे पाय बुडतात आणि बघणाऱ्यांना प्रवेशाजवळच्या चौथऱ्यावरच थांबावं लागतं.

हे पाणी गळतीचं नाही, नळ फुटल्याचं नाही, नदीनं काठ सोडल्याचंही नाही. ते जमिनीतून वर येतं आणि दरवर्षी येतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या हॅम्पशर परगण्यातलं हे शहर समजून घ्यायचं तर राजांच्या यादीपेक्षा या पाण्यापासून सुरुवात केलेली बरी. शहर इथं का वसलं, श्रीमंत कशामुळे झालं, त्याची सगळ्यात मोठी इमारत कलली कशामुळे आणि आज तिथं फिरावंसं का वाटतं, या सगळ्याच्या मुळाशी ते आहे.

विंचेस्टरभोवतीच्या टेकड्या चॉकच्या आहेत. फळ्यावरच्या खडूचं इंग्रजी नाव याच दगडाचं. समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ कोट्यवधी वर्षं साचून तो बनला. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. चॉक मात्र मुळातच सच्छिद्र असतो, शिवाय त्यात बारीक फटींचं जाळं असतं. पडलेला पाऊस पृष्ठभागावरून फारसा वाहत नाही, आत मुरतो. उन्हाळ्यात झाडं आणि ऊन बरंचसं पाणी खेचून घेतात, म्हणून जमिनीतला साठा मुख्यतः हिवाळ्यातल्या पावसानं भरतो. मुरायला वेळ लागत असल्यानं भूजलाची पातळी पाऊस पडला त्या दिवशी नाही, तर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चढते. त्यामुळे ऐन पावसात तळघर कोरडं आणि आभाळ मोकळं झाल्यावर पाण्यानं भरलेलं, असा उलटा प्रकारही घडतो.

याच साठ्यातून झिरपून इचेन नदी वाहते. लांबी जेमतेम 45 किलोमीटर. पण जमिनीतून येणारं पाणी वर्षभर साधारण 10-11 अंश सेल्सियसच्या आसपास निघतं, त्यामुळे नदी हिवाळ्यात गोठत नाही आणि उन्हाळ्यात तापत नाही. दगडातून गाळून आल्यामुळे पाणी इतकं नितळ असतं की पुलावरून खाली पाहिलं तर तळाची गारगोटी आणि प्रवाहात जागच्या जागी तरंगणारा ट्राउट मासा दिसतो. अशा चॉक-नद्या जगात फार थोड्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्येच आहेत.

रोमनांना या जागेचं महत्त्व कळलं. टेकड्यांमधून नदी उतरते, ती ओलांडायला सोयीची जागा आहे, आधीच्या लोहयुगीन वस्तीची तटबंदी जवळच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी इथं शहर आखलं आणि नाव दिलं व्हेंटा बेल्गारम. विस्तारानं ते रोमन ब्रिटनमधल्या पहिल्या पाच शहरांत मोडत होतं. रोमन गेले, शहर ओस पडलं आणि सातव्या शतकात सॅक्सन राजांनी रोमन तटाच्या आत चर्च बांधलं, साधारण 648 च्या सुमारास. त्यालाच पुढे ओल्ड मिन्स्टर म्हणायला लागले. थोड्याच वर्षांत बिशपचं ठाणं तिथं आलं.

इथं शब्दाचा घोळ मिटवायला हवा. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च असं सर्रास समजलं जातं. खरं तर ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. लॅटिनमध्ये त्या खुर्चीला कॅथेड्रा म्हणतात. जुन्या गोव्यातल्या ‘से कॅथेड्रल’मधला ‘से’ हाही पोर्तुगीजमधला आसनाचाच शब्द. बिशप आला की त्याच्यामागून जमिनी, कारकून, हिशेब, यात्रेकरू, बाजार सगळं येतं. इंग्लंडमधली जुनी ‘कॅथेड्रल शहरं’ अशी एका खुर्चीभोवती वाढलेली आहेत.

नवव्या शतकाच्या शेवटी, व्हायकिंगांच्या धाडी चालू असताना, राजा आल्फ्रेडच्या काळात शहराची नव्यानं आखणी झाली: मधोमध हाय स्ट्रीट, तिला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या आणि तटाला लागून आतून फिरणारा रस्ता, म्हणजे हल्ला झाला की माणसं झटकन तटावर पोचतील. आज हाय स्ट्रीटवरून चालताना दोन्ही बाजूंना ठराविक अंतरानं ज्या गल्ल्या लागतात त्यांचा सांगाडा तोच आहे. ‘विंचेस्टर ही इंग्लंडची जुनी राजधानी’ हे वाक्य पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात सापडतं, पण ते जपून घ्यावं. त्या काळात राजा घोड्यावर फिरत असे आणि दरबार त्याच्याबरोबर फिरत असे. विंचेस्टरला होतं ते राजांचं लाडकं ठिकाण, त्यांची दफनभूमी आणि राज्याचा खजिना. बाराव्या शतकात हा कारभार हळूहळू लंडनकडे सरकला आणि 1141 च्या यादवीत शहराचा मोठा भाग जळाला. त्यानंतर ते पुन्हा कधी पहिल्या रांगेत आलं नाही. एका अर्थी बरंच झालं. फार भरभराट झाली असती तर जुनं एवढं उरलं नसतं.

खजिना गेला तरी एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे माप. दहाव्या शतकात राजा एडगरनं फर्मान काढलं होतं की राज्यभर लंडन आणि विंचेस्टरची मापंच चालतील. आपल्याकडे गावोगावची पायली वेगळी असायची, तशीच तिथं बुशेलची गत होती. अखेर 1697 च्या सुमाराच्या कायद्यानं विंचेस्टर बुशेल काटेकोर ठरलं: साडेअठरा इंच रुंद, आठ इंच खोल, सपाट तळाचं गोल भांडं. धान्य मावतं सुमारे 35.24 लिटर. ब्रिटननं 1820 च्या दशकात ते सोडून थोडं मोठं बुशेल घेतलं, अमेरिकेनं मात्र जुनंच ठेवलं. शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव आजही बुशेलमागे बोलतात. व्यवहार आता वजनावर होतो आणि सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे 60 पौंड, साधारण 27.2 किलो धरतात. लातूर-अकोल्याचे व्यापारी रोज सकाळी जो आकडा पाहतात त्यातलं बुशेल हे माप या गावच्या भांड्यावरून आलेलं आहे. हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाला वेस्टगेट नावाच्या जुन्या वेशीतल्या संग्रहालयात शहराची जुनी वजनं-मापं ठेवलेली आहेत. बरेच जण तिकडे फिरकतही नाहीत.

आता कॅथेड्रलकडे. त्याआधी संत स्विदनची गोष्ट, कारण ती पावसाची आहे. स्विदन नवव्या शतकात इथले बिशप होते. आपल्याला चर्चच्या बाहेर, पावसाचं पाणी अंगावर पडेल असं पुरा, असं त्यांनी सांगितलं होतं म्हणतात. शंभरेक वर्षांनी, 15 जुलै 971 रोजी, त्यांच्या अस्थी मोठ्या थाटात आत आणल्या. लोककथा सांगते की संत रागावले आणि पाऊस कोसळला. तेव्हापासूनचा ठोकताळा: 15 जुलैला पाऊस पडला तर पुढे 40 दिवस पडणार, उघडीप असली तर 40 दिवस उघडीप. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा यावरून पावसाचा अंदाज बांधतात, त्यातलाच प्रकार. ब्रिटिश हवामान खात्याच्या 1861 पासूनच्या नोंदींत सलग 40 दिवसांचा असा योग एकदाही आलेला नाही. तरी ठोकताळा अगदीच हवेतला नाही. जुलैच्या मध्याला वरच्या थरातले वारे एका पट्ट्यात स्थिरावण्याकडे झुकतात आणि हवेचा जो रंग तेव्हा असतो तो काही आठवडे टिकू शकतो.

1066 मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडून नॉर्मन आले आणि त्यांनी इंग्लंड जिंकलं. जिंकलेल्या लोकांना आपण कोण आहोत हे दिसावं म्हणून त्यांनी दगड वापरला. बिशप वॉकेलिननं 1079 मध्ये ओल्ड मिन्स्टरच्या शेजारीच नवं कॅथेड्रल सुरू केलं. दगड आला वाइट बेटावरून. लाकडाची कथा गमतीची आहे: राजा विल्यमनं जवळच्या वनातून ठराविक दिवसांत तोडता येईल तेवढं लाकूड घ्यायची परवानगी दिली आणि वॉकेलिननं परगण्यातले झाडून सगळे लाकूडतोडे लावून वनच साफ केलं. 1093 मध्ये भिक्षू नव्या वास्तूत राहायला आले आणि जुनं चर्च लगेच पाडलं. त्याचा नकाशा 1960 च्या दशकातल्या उत्खननात सापडला. आज कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या हिरवळीवर विटांच्या ओळींनी तो आखून ठेवला आहे, लोक त्यावर बसून डबा खातात.

पुढे झालेल्या वाढीसह या वास्तूची लांबी आज सुमारे 170 मीटर भरते. युरोपातल्या मध्ययुगीन कॅथेड्रलांमध्ये एवढं लांब दुसरं नाही. पण पहिलं संकट लवकरच आलं. शिकारीत बाण लागून मेलेला राजा विल्यम रूफस 1100 मध्ये मनोऱ्याखाली पुरला गेला आणि 1107 मध्ये मनोरा कोसळला. लोक म्हणाले, अधर्मी राजाला आत पुरलं त्याची शिक्षा. त्याच शतकातल्या एका इतिहासकारानं मात्र नोंदवून ठेवलं की राजाला तिथं पुरलं नसतं तरी मनोरा पडलाच असता, बांधकामच कच्चं होतं.

याचा पुरावा आजही हातानं चाचपता येतो. कॅथेड्रलची आखणी क्रुसासारखी आहे, त्याच्या आडव्या बाहूंत जा. तिथं नॉर्मन काम जवळजवळ जसंच्या तसं आहे. मनोऱ्यापासून दूरच्या खांबांत दोन दगडांमधला चुन्याचा सांधा जाड आहे, बोटाचं पेर मावेल असा. मनोऱ्याजवळ या, सांधे एकदम बारीक होतात. जाड सांध्यांचं काम 1107 च्या आधीचं, बारीक सांध्यांचं नंतरचं. दगड नीट घडवलेला नसला की खाचखळगे चुन्यानं भरून काढावे लागतात. चुना सावकाश आवळतो आणि वजन आलं की दबतो, मग बांधकाम असमान बसतं. दुसऱ्या खेपेला गवंड्यांनी दगड काटकोनात घडवले आणि खांब इतके जाड केले की मनोऱ्याखालून पलीकडचं दिसणं अवघड झालं. अपघातातून शिकलेली माणसं जरा जास्तच खबरदारी घेतात, तसं ते दिसतं.

मुख्य दालनात आलं की चकायला होतं. उंच, निमुळत्या रेषा, जाळीदार छत, नॉर्मन जडपणाचा मागमूस नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बिशप विल्यम ऑफ विकहॅम आणि त्यांचे मुख्य गवंडी विल्यम विनफर्ड यांनी जुने खांब पाडले नाहीत, तेच तासून काढले. आतला गाभा अकराव्या शतकाचा, वरची साल चौदाव्या-पंधराव्या शतकाची. जुन्या वाड्याला नवा दर्शनी भाग लावावा तसं, पण आतून.

यापेक्षा मोठं दुखणं पूर्वेच्या टोकाला होतं. साधारण 1202 मध्ये बिशप गॉडफ्री दे लूसी यांनी संत स्विदनच्या यात्रेकरूंना वावरायला जागा हवी म्हणून कॅथेड्रल पूर्वेकडे वाढवलं. पूर्वेकडे जमीन नदीकडे उतरते आणि दलदलीची होते. मातीच्या वरच्या थराखाली पीट आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, ओल्या स्पंजासारखा. त्याच्याही खाली घट्ट वाळू-खडी. पाया त्या खडीवर बसायला हवा होता. पण मधे पाणी. तेराव्या शतकात पाणी उपसून तिथवर खोदणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून बांधणाऱ्यांनी बीच झाडाचे ओंडके आडवे टाकून तराफा केला आणि त्यावर भिंती चढवल्या. युक्ती अडाणीपणाची नव्हती. सतत पाण्याखाली असलेलं लाकूड हवा न मिळाल्यानं कुजत नाही, ओंडके शतकानुशतकं टिकले. दबला तो त्यांच्या खालचा पीट, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

इमारत सगळीकडून सारखी खचली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जास्त खचला की कमानी उघडतात. कमान म्हणजे एकमेकांवर रेललेले दगड. पाय फाकले की मधला दगड सैल होतो, छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलू लागतं आणि भिंती आणखी फाकतात. 1905 पर्यंत पूर्वेकडच्या भिंती उघड्या डोळ्यांना दिसाव्यात इतक्या कलल्या होत्या, भेगांत हात जात होता आणि छतातून तुकडे पडत होते. दक्षिणेच्या लांब भिंतीचं दुखणं वेगळं होतं. तिला बाहेरून टेकू देणारं भिक्षूंच्या मठाचं आवार सोळाव्या शतकात पाडून टाकलेलं होतं. मठ बंद झाला, मग या ओवऱ्यांचा उपयोग काय, असा हिशेब. टेकू काढल्याचा परिणाम तीनशे वर्षांनी दिसला.

वास्तुविशारद थॉमस जॅक्सन यांनी भिंतीलगत खड्डा खणून पाहिला तर पाणी लागलं. पंप लावून उपसायला गेलं की पाण्याबरोबर बारीक रेती आणि माती खेचली जायची, म्हणजे भिंतीखालची उरलीसुरली जमीनही जायची. जॅक्सन यांनी बोलावलेले अभियंते फ्रान्सिस फॉक्स यांनी म्हणूनच ठरवलं: पाणी उपसायचं नाही, पाण्यातच काम करायचं. त्यासाठी विल्यम वॉकर नावाचा अनुभवी पाणबुड्या आणला.

कामाचा क्रम समजून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या इमारतीच्या पायाखाली नवा पाया घालण्याचं तत्त्व आजही तेच आहे. आधी वरची इमारत बांधून घ्यायची. बाहेरून जाड लाकडांचे टेकू, कमानींखाली लाकडी सांगाडे, भिंतींतून लोखंडी सळया. भेगांमधली भुकटी दाबाच्या हवेनं उडवून, पाण्यानं धुऊन, खालून वर अशा क्रमानं पातळ सिमेंट दाबानं भरायचं. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि पोकळी तशीच राहते. मग भिंतीखाली एका वेळी अरुंद खड्डा घ्यायचा, इतका अरुंद की भिंत त्याच्यावरून पुलासारखी तरून जाईल. शेजारचा खड्डा लगेच घ्यायचा नाही. असे एकूण 235 खड्डे झाले.

खड्डा पीटपर्यंत गेला की पाण्यानं भरायचा. मग वॉकर उतरायचा. अंगावरच्या पोशाखाचं आणि वजनांचं ओझं जवळजवळ 90 किलो, खोली कधी कधी 6 मीटरपर्यंत. पीट ढवळल्यामुळे पाणी इतकं गढूळ की दिवा कुचकामी, सगळं काम चाचपून. आजूबाजूला शतकानुशतकांच्या कबरी, त्यामुळे पाणी घाणेरडं. हातानं पीट काढून खडीचा थर लागला की काँक्रीटच्या पोत्यांची रास खाली सोडली जायची. वॉकर पोती सपाट, एकमेकांना भिडवून मांडायचा आणि फाडायचा, म्हणजे आतलं काँक्रीट शेजारच्याशी एकजीव होईल. त्यावर दुसरा थर, तिसरा, चौथा. ते आवळलं की खड्ड्याचा तळ झाकण लावल्यासारखा बंद व्हायचा. आता पंप लावला तरी खालून माती खेचली जाण्याची भीती नाही. खड्डा कोरडा करून गवंडी आत उतरायचे आणि काँक्रीटचे ठोकळे व विटा रचत जुन्या पायाच्या बुडापर्यंत चढायचे. शेवटची फट कच्च भरणं सर्वांत महत्त्वाचं. तिथं बोटभर जागा राहिली तर भिंत तेवढी पुन्हा खचणार.

वॉकरनं 1906 ते 1911 अशी साडेपाच-सहा वर्षं, दिवसाला सहा-सहा तास पाण्याखाली काढली. जेवणाच्या सुट्टीत तो पोशाख न उतरवता नुसतं शिरस्त्राण काढून पाइप ओढायचा, कारण सगळं चढवायला-उतरवायला फार वेळ जाई. आठवड्याच्या शेवटी सायकलनं शंभरावर किलोमीटर मारत लंडनजवळच्या घरी. एकूण लागलं 25,800 पोती काँक्रीट, 1,14,900 काँक्रीटचे ठोकळे आणि 9 लाख विटा. ‘एका माणसानं कॅथेड्रल वाचवलं’ हे वाक्य ऐकायला छान, पण वॉकरनं बंद केला तो तळ. वरचं काम दीडशेच्या आसपास मजुरांनी केलं. दक्षिणेच्या भिंतीला जॅक्सननं बाहेरून दगडी कमानींचे दहा धिरे दिले, ते आजही दिसतात आणि ओळखायला सोपे आहेत. 15 जुलै 1912 रोजी, संत स्विदनच्याच दिवशी, राजा पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत आभाराची प्रार्थना झाली. वॉकर 1918 च्या साथीच्या तापात गेला.

1964 मध्ये त्याचा छोटा पुतळा कॅथेड्रलमध्ये बसवला आणि तो निघाला अभियंता फॉक्सचा. शिल्पकारानं समूहछायाचित्रातला भलताच चेहरा उचलला होता. तो पालटायला 2001 उजाडलं.

आजचं विंचेस्टर पाहताना बहुतेक जण तीनच ठिकाणी गर्दी करतात: कॅथेड्रलमधली जेन ऑस्टिनची कबर, ग्रेट हॉलमधलं गोल टेबल आणि नाताळचा बाजार. तिन्ही ठीक, पण थोडं समजून. ऑस्टिन 1817 मध्ये औषधोपचारासाठी इथं आली आणि तिथंच वारली. उत्तरेकडच्या बाजूला तिच्या कबरीवरच्या शिलेत तिच्या स्वभावाची, बुद्धीची स्तुती आहे, पण ती कादंबऱ्या लिहायची हे एका शब्दानं नाही. ती भर शेजारच्या पितळी पाटीनं 1872 मध्ये घातली. ग्रेट हॉलमधलं टेबल साडेपाच मीटर व्यासाचं, बाराशे किलोच्या घरातलं, दंतकथेतल्या राजा आर्थरचं म्हणून प्रसिद्ध. लाकडाची तपासणी सांगते ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. रंगवलं तर आठव्या हेन्रीच्या काळात. त्यामुळे मधे बसलेला आर्थर हेन्रीसारखा दिसतो यात नवल नाही.

यापेक्षा पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर थोडं थांबा. 1642 मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवीत, संसदेच्या सैनिकांनी ती फोडली. वेदीजवळच्या पेट्यांमध्ये सॅक्सन राजांच्या अस्थी होत्या, त्याच फेकून फोडली असं सांगतात. राजेशाही परतल्यावर काचांचे तुकडे गोळा करून परत बसवले, पण मूळ चित्र जुळवायचा नाद न करता. कुठे अर्धा चेहरा, कुठे पंख, कुठे नुसता निळा रंग. पेट्यांमधल्या हाडांची ब्रिस्टल विद्यापीठानं अलीकडे तपासणी केली. सहा पेट्यांत निदान 23 माणसांची हाडं मिसळलेली निघाली आणि त्यात एका प्रौढ स्त्रीचीही आहेत. ती अकराव्या शतकातली राणी एम्मा असण्याची शक्यता अभ्यासक बोलून दाखवतात. बाराव्या शतकातलं विंचेस्टर बायबल इथंच आहे: 468 पानं, सुमारे 250 वासरांचं कातडं, अक्षर एकाच लेखनिकाचं. काही चित्रं अर्धवट राहिली आहेत, त्यामुळे रेखाटन, सोन्याचा वर्ख, मग रंग असा क्रम नुसत्या डोळ्यांनी कळतो.

दक्षिणेला भिंतीला लागून विंचेस्टर कॉलेज ही शाळा आहे, 1382 ची, विकहॅम यांचीच. मलबार हिलवर जन्मलेला, इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार डग्लस जार्डिन इथला. एका हंगामात शाळेसाठी सर्वाधिक धावांचा त्याचा विक्रम 1959 मध्ये मोडला तो मन्सूर अली खान पतौडी यांनी. भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल याच शाळेच्या ओवरीत पुरलेले आहेत.

जायचं कसं? लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून गाडीनं साधारण एक तास. स्थानकातून कॅथेड्रल पायी दहा-पंधरा मिनिटं, उताराचा रस्ता. गाडी घेऊन जुन्या गल्ल्यांत शिरू नका, शहराबाहेर ठेवून बसनं या. कॅथेड्रल पाहायला तिकीट आहे, प्रार्थनेला नाही. संध्याकाळच्या गायनाच्या प्रार्थनेला शांतपणे बसून ऐकलं तर त्या लांबीचा अर्थ कानानं कळतो. मनोऱ्याला 213 पायऱ्या आहेत, काही जागी अंग चोरून जावं लागतं, गुडघे कुरकुरत असतील तर नाद सोडा. भरलेलं तळघर बघायचं तर फेब्रुवारी-मार्च, कोरडं आणि आत फिरून बघायचं तर उन्हाळ्याचा शेवट. दोन्ही एकाच भेटीत मिळत नाही.

मग नदीकाठानं दक्षिणेला चाला. डावीकडे इचेन, उजवीकडे कुरणं. या कुरणांत पूर्वी हिवाळ्यात पाटाचं पाणी मुद्दाम खेळवत असत. जमिनीतून येणारं ते पाणी हवेपेक्षा उबदार असल्यानं गवताला दहिवर बाधत नसे आणि वसंतात चारा लवकर मिळे. दीडेक किलोमीटरवर सेंट क्रॉस हे बाराव्या शतकातलं धर्मादाय आश्रयस्थान आहे. तिथं निवृत्त मंडळी आजही राहतात. द्वारपालाकडे वाटसरूचा वाटा मागितला तर पावाचा तुकडा आणि चिमुकल्या पेल्यात बिअर मिळते. मागावी लागते, आपणहून देत नाहीत. परतीला सेंट कॅथरीन टेकडी चढलात तर एका बाजूला कॅथेड्रल दिसतं आणि दुसऱ्या बाजूला चॉकची टेकडी उभी चिरून काढलेला महामार्ग. 1992 पासून त्याविरुद्ध लोक झाडांवर आणि यंत्रांसमोर बसले होते. रस्ता झाला. त्याची घरघर टेकडीवर सतत ऐकू येते आणि ‘जुनं टुमदार शहर’ या चित्रात ती बसत नाही.

त्याच महामार्गाच्या पुलाखाली फेब्रुवारी 2014 मध्ये एक जुनी युक्ती पुन्हा कामी आली. त्या हिवाळ्यात पाऊस थांबेना, चॉक तुडुंब भरला आणि इचेन शहरातल्या घरांत शिरायच्या बेतात होती. तेव्हा शहराच्या वरच्या अंगाला, पुलाजवळ, खडीनं भरलेल्या अवजड पिशव्या नदीत सोडून प्रवाह आवळला. पाणी वरच्या शेतांत पसरलं, खाली शहरात सावकाश आलं.